लेकीच्या चढाईचा जमाखर्च

भात घरात आलं, दिवाळीचा फराळ संपला, की आपल्या पेण-रोह्याकडे दोन गोष्टींना जोर येतो. एक लग्नाच्या बोलण्यांना आणि दुसरी कबड्डीच्या सामन्यांना! कापणी झालेल्या शेतात मैदान आखलं जातं, खांबांवर दिवे चढतात, लाऊडस्पीकरवरून संघांची नावं पुकारली जातात, आणि वालाच्या शेंगांची पोपटी लावायचे दिवस येईपर्यंत हा हंगाम चांगलाच रंगात येतो. घरातले पुरुष जेवणं आटोपून सामन्याला जातात, पोरंटोरं त्यांच्यामागे पळतात. आपण मागची आवराआवर करतो आणि सकाळी चहा गाळताना विचारतो, "काय हो, काल कोण जिंकलं?" उत्तर ऐकतो आणि पोहे परतायला लागतो.

पण मैत्रिणींनो, आता एवढ्याने भागायचं नाही. कारण आता मैदानात आपल्या मुलीही उतरल्या आहेत. पेणच्या भाऊसाहेब नेने महाविद्यालयात असो की रोह्याच्या डॉ. चिंतामणराव देशमुखांच्या नावाच्या महाविद्यालयात, कुणाची लेक, कुणाची पुतणी, कुणाची शेजारीण कधी ना कधी कबड्डीच्या संघात असतेच. आणि तिच्या खेळाविषयी घरात बहुधा एकच प्रश्न विचारला जातो, "हे कधी संपणार?"

मी अर्धवेळ शिकवते, त्यामुळे अशा आया मला भेटत असतात. त्यांतल्या एकीशी झालेलं बोलणं सांगते. मुलगी तिसऱ्या वर्षाला, चढाईला तरबेज. आई म्हणाल्या, "बाई, स्थळ चांगलं आलंय. हिचे सामने काही संपत नाहीत. आज इथे, उद्या तिथे."

मी विचारलं, "आत्ता कोणत्या फेरीत आहे ती?"

"ते काही आम्हाला माहीत नाही बाई. जिंकून येते एवढं कळतं."

बघा, स्थळाची सगळी माहिती त्यांना होती. मुलाचं शिक्षण, पगार, घर स्वतःचं की भाड्याचं, सगळं. मुलीच्या खेळाची मात्र काहीच नव्हती. त्यात त्यांचाही दोष नाही. आपल्याला हे कुणी सांगितलेलंच नसतं. म्हणून आज मी ते सांगायला बसले आहे. हा खेळ नीट समजून बघायचा कसा, आणि तो बघितल्याने मुलीचं काय भलं होतं, ते.

तीन जिने

पहिली गोष्ट म्हणजे सामने "संपत नाहीत" असं वाटतं, कारण मुलगी एकाच वेळी वेगवेगळे जिने चढत असते. ते जिने वेगळे ओळखायला शिकलं की गोंधळ निम्मा कमी होतो.

पहिला जिना शाळेचा. क्रीडा खात्याच्या शालेय स्पर्धा १४, १७ आणि १९ वर्षांखालील अशा गटांत होतात. आधी तालुका, मग जिल्हा, मग विभाग, मग राज्य. अकरावी-बारावीच्या मुलीसुद्धा यातच येतात, हे पुष्कळांना ठाऊक नसतं.

दुसरा जिना महाविद्यालयाचा. आपल्याकडची महाविद्यालयं मुंबई विद्यापीठाला जोडलेली. आधी जवळपासच्या महाविद्यालयांची विभागीय स्पर्धा, मग वेगवेगळ्या विभागांतल्या विजेत्यांची आंतरविभागीय. या सामन्यांतून विद्यापीठाचा संघ निवडतात. तो संघ पश्चिम विभागाच्या आंतरविद्यापीठ स्पर्धेला जातो. तिथे महाराष्ट्राबरोबर गुजरात, राजस्थान, मध्य प्रदेशातली विद्यापीठंही असतात. त्यातले वरचे संघ अखिल भारतीय आंतरविद्यापीठ स्पर्धेला. या जिन्याला वयाची अट आहे: १७ ते २५ वर्षे. म्हणजे पदवी झाली, पुढे एम.ए., एम.कॉम.ला नाव घातलं, तरी मुलगी खेळू शकते. "तिसरं वर्ष संपलं, आता खेळ संपला" हे आपण मनाने ठरवलेलं असतं, नियमाने नव्हे.

तिसरा जिना संघटनेचा. गावातलं मंडळ जिल्हा संघटनेकडे नोंदलेलं असतं. जिल्हा अजिंक्यपद स्पर्धा झाली की त्यातून जिल्ह्याचा संघ, राज्य स्पर्धेतून राज्याचा संघ आणि मग राष्ट्रीय स्पर्धा. इथे मुलींचे गट वय आणि वजन या दोन्हींवर ठरतात. किशोरी गटाला १६ वर्षे आणि ५५ किलो, कुमारी गटाला २० वर्षे आणि ६५ किलो, आणि महिला गटाला वजन ७५ किलोपर्यंत.

या वजनाच्या भानगडीत एक सांगून ठेवते. काटा एखादा किलो जास्त दाखवतो म्हणून आदल्या दिवशी मुलीला उपाशी ठेवू नका. चक्कर येऊन मैदानात पडण्यापेक्षा महिनाभर आधीपासून वजनावर लक्ष ठेवलेलं बरं. आणि नाहीच जमलं, तर वरच्या गटात खेळू दे. पोटभर भाकरी, उसळ आणि पालेभाजी खाऊन खेळलेली मुलगी केव्हाही चांगली.

या तीन जिन्यांशिवाय गावोगावच्या आमंत्रित स्पर्धा असतात त्या निराळ्या. त्यांची मजा मोठी, बक्षिसंही मोठी; पण त्या कुठल्या जिन्यावरच्या पायऱ्या नव्हेत. हा फरक ध्यानात ठेवा. पुढे तो कामाला येणार आहे.

बाद फेरीचं गणित

"बाद फेरी" हा शब्द ऐकून घाबरू नका. हरला तो घरी गेला, एवढाच त्याचा अर्थ. ११ संघ आले असतील तर सामने किती होतील? सोपं आहे: एक सोडून बाकी सगळ्यांना कुठेतरी हरायचं आहे, म्हणजे सामने १०. पहिल्या फेरीत ३ सामने होतात आणि ५ संघांना "पुढे चाल" मिळते, म्हणजे ते न खेळताच पुढे जातात. मग राहतात ८. त्यांचे उपउपांत्य सामने, मग उपांत्य, मग अंतिम.

हे कळलं की घरचं नियोजन सोपं होतं. मुलगी म्हणाली, "आई, उपउपांत्य आहे," की आपल्याला कळतं, आज जिंकली तर आणखी दोनच सामने. डबा किती दिवसांचा, पेणहून कासू-नागोठण्यावरून रोह्याला जाणारी संध्याकाळची गाडी पकडायची की मुक्काम करायचा, सोबत कुणाला पाठवायचं, हे सगळं आधी ठरवता येतं. एखाद्या स्पर्धेत सुरुवातीला साखळी असते. तिथे एक सामना हरूनही संघ टिकू शकतो. म्हणून मुलगी हरून आली तर आधी विचारा, "साखळी होती की बाद फेरी?" हा प्रश्न आईने विचारला की मुलीच्या चेहऱ्यावर काय उमटतं ते एकदा बघाच!

खेळाची तोंडओळख

आपण लहानपणी हुतूतू खेळलोय, त्यामुळे मूळ गोष्ट माहीत आहे: दम धरायचा, शिवायचं आणि परत यायचं. पण आताच्या खेळात थोडे बारकावे आले आहेत.

मुलींचं मैदान १२ मीटर लांब आणि ८ मीटर रुंद. प्रत्येक बाजूला सात जणी मैदानात, बाकीच्या राखीव. सामना १५ मिनिटांच्या दोन डावांचा, मध्ये ५ मिनिटं विश्रांती. म्हणजे डाळ-भाताचा कुकर होऊन निवेपर्यंत अर्धा सामना झालेला असतो. एक चढाई ३० सेकंदांची. जितक्या जणींना शिवून परत आली तितके गुण, आणि तेवढ्याच आपल्या बाद झालेल्या मुली पुन्हा मैदानात. पकडली गेली तर समोरच्यांना एक गुण. समोरचा सगळा संघ बाद झाला तर "लोण", त्याचे दोन गुण जादा.

समोर सहा किंवा सात जणी उभ्या असताना चढाई करणारीने बोनस रेषा नीट ओलांडली तर बोनसचा एक गुण. पण त्या गुणावर आपली बाद झालेली मुलगी आत येत नाही. आणि मैदानात तीन किंवा त्याहून कमी मुली उरलेल्या असताना त्यांनी पकड केली तर ती "अव्वल पकड", तिला एकाऐवजी दोन गुण. सामन्यात सगळे खुर्चीवरून उठतात ते अशाच वेळी. सलग दोन चढाया रिकाम्या गेल्या, तर तिसरीत गुण आणायचाच, नाहीतर चढाई करणारी बाद. एवढं समजलं की तुम्ही सामना बघायला तयार.

आता वही काढा

आपण बायका वाणसामानाचा, दुधाचा, गॅसच्या सिलिंडरचा हिशेब ठेवतो ना? तसाच चढाईचा ठेवायचा. साधी शाळेची वही घ्या. मुलीच्या शर्टावरचा नंबर लिहा आणि पुढे चार रकाने पाडा: चढाया, आणलेले गुण, किती वेळा बाद, आणि पकडीत किती गुण. शेवटी तारीख, स्पर्धा, फेरी, कोणाविरुद्ध आणि निकाल. बस्स.

याचा उपयोग काय ते उदाहरणाने सांगते. समजा, एका संघात ७ नंबरच्या मुलीने १८ चढायांत ९ गुण आणले आणि ती ६ वेळा बाद झाली. ३ नंबरच्या मुलीने १२ चढायांत ६ गुण आणले, पण ती एकदाच बाद झाली. लोकांच्या तोंडी कोणाचं नाव? ७ नंबरचंच, नऊ गुण आणले ना तिने! पण जमाखर्च मांडा. ती ६ वेळा बाद झाली म्हणजे समोरच्यांना ६ गुण दिले, आणि त्यांच्या ६ मुली पुन्हा मैदानात आल्या. शिल्लक ३. दुसरीची शिल्लक ५. शिवाय दुसरी बहुतेक वेळ मैदानात उभी होती आणि पकडीलाही हातभार लावत होती. मिळकत मोठी म्हणून घर चालत नाही, हे आपल्याइतकं कोणाला ठाऊक आहे?

पकड करणाऱ्या मुलींचं तर आणखी अवघड. कोपऱ्यातली मुलगी घोटा पकडते आणि मधल्या दोघी तिला साखळीने साथ देतात. गुण एकीच्या नावावर लागतो, टाळ्या तिला मिळतात. साथ देणाऱ्यांचं नाव कुठेच येत नाही. वहीत मात्र साथ दिलेल्या पकडीपुढे एक छोटी फुली करता येते. घरी आल्यावर "आज तीन पकडींत तुझी साथ होती" असं आईने म्हणावं, याचं मोल एखाद्या चषकाहून कमी नाही.

कोणतं बक्षीस कुठे चालतं

आपल्याकडच्या स्पर्धांत बक्षिसांची रेलचेल असते. उत्कृष्ट चढाई, उत्कृष्ट पकड, सर्वोत्कृष्ट खेळाडू आणि प्रेक्षकांच्या लाडक्या खेळाडूला "पब्लिक हिरो"! चषक, रोख रक्कम, कधी एखादी घरगुती वस्तू. घरात कौतुकाने मांडा, जरूर मांडा. पण ही बक्षिसं बहुधा शेवटच्या दोन संघांतच वाटली जातात. उपउपांत्य सामन्यात हरलेल्या संघातली गुणी मुलगी रिकाम्या हाताने परत येते. तिची वही मात्र भरलेली असते.

आणि दुसरं, नोकरीसाठी हे चषक चालत नाहीत. महाराष्ट्रात सरकारी नोकऱ्यांत खेळाडूंसाठी ५ टक्के जागा राखीव आहेत. पण त्यासाठी मान्य स्पर्धांतलं, ठरलेल्या पातळीवरचं आणि ठरलेल्या क्रमांकाचं प्रमाणपत्र लागतं. ते या तीन जिन्यांवर मिळतं, शेतातल्या दिव्याखाली नव्हे. ते प्रमाणपत्रसुद्धा क्रीडा खात्याच्या विभागीय उपसंचालकांकडून पडताळून घ्यावं लागतं. जाहिरात येण्याची वाट न बघता हे काम आधीच उरकावं. दहावी-बारावीला खेळाचे सवलतीचे गुण मिळतात, त्यासाठीही शाळेकडे कागद वेळेवर जावे लागतात.

म्हणून कागदांची ही जपणूक करा:

प्रमाणपत्र हातात पडल्याबरोबर नाव, जन्मतारीख, स्पर्धेचं नाव आणि वर्ष तपासा. दहावीच्या गुणपत्रिकेवर जसं नाव आहे तसंच हवं. "सुनीता"ची "सुनिता" झाली असेल तर तिथल्या तिथे दुरुस्त करून घ्या.

मूळ प्रतीला भोकं पाडू नका, टाचणी लावू नका. आपल्या कोकणातल्या पावसात बुरशी आणि वाळवी कोणाला सोडत नाहीत. प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून लोखंडी कपाटात वरच्या खणात ठेवा. मोबाइलवर फोटो काढून दोघा-तिघांकडे पाठवून ठेवा.

आणि लग्नानंतर मुलीचं नाव बदललं, तर विवाह नोंदणीचा दाखला आणि नाव बदलल्याचे कागद याच पिशवीत घाला. लग्न ठरलं की दागिने, साड्या, भांडी यांची यादी होते. त्या यादीत ही पिशवीही असू द्या. ती माहेरच्या माळ्यावर राहता कामा नये.

मुलींचा खेळ कुठवर जातो

तुम्ही म्हणाल, हे सगळं करून पुढे काय? तर थोडं आपल्या उंबऱ्याबाहेर बघू.

आपल्या महाराष्ट्राच्या शकुंतला खटावकर यांना कबड्डीसाठी १९७८ चा अर्जुन पुरस्कार मिळाला. तेव्हा मुलींसाठी आशियाई स्पर्धेचं दारसुद्धा उघडलेलं नव्हतं. पुरुषांची कबड्डी १९९० मध्ये बीजिंगच्या आशियाई स्पर्धेत गेली. बायकांना तिथे पोचायला २०१० उजाडावं लागलं. वीस वर्षं! आणि गेल्या त्या पहिल्याच वर्षी सुवर्णपदक घेऊन आल्या.

२०१२ मध्ये पाटण्याला महिलांचा विश्वचषक झाला. भारताने अंतिम सामन्यात इराणला २५-१९ असं हरवलं. त्या संघात महाराष्ट्राच्या तिघी होत्या: सुवर्णा बारटक्के, दीपिका जोसेफ आणि अभिलाषा म्हात्रे. राज्य सरकारने प्रत्येकीला एक कोटी रुपये जाहीर केले. अभिलाषा म्हात्रे यांना पुढे २०१५ चा अर्जुन पुरस्कारही मिळाला.

आता गंमत ऐका. २०१८ मध्ये जकार्ताच्या आशियाई स्पर्धेत त्याच इराणने आपल्याला २७-२४ असं हरवून सुवर्णपदक नेलं. इराणच्या त्या मुलींना शिकवणारी कोण? आपल्या नाशिकच्या शैलजा जैन! परक्या देशात जाऊन, परकी भाषा सांभाळत, आपल्या मातीतला खेळ शिकवून त्यांनी संघ उभा केला. बाईने कबड्डीत काय करता येतं, याचं याहून बोलकं उदाहरण नाही. खेळणं थांबलं तरी शिकवणं आहे, पंचगिरी आहे.

२०२३ मध्ये हांगझोऊला आपल्या मुलींनी सुवर्णपदक परत मिळवलं. अंतिम सामना तैवानच्या संघाशी होता आणि निकाल २६-२५. एका गुणाचा फरक! त्या स्पर्धेतलं भारताचं ते शंभरावं पदक. एक बोनस गुण, एक साथ दिलेली पकड यांची किंमत काय असते, ते अशा वेळी कळतं. नोव्हेंबर २०२५ मध्ये ढाक्याला झालेला महिलांचा विश्वचषकही भारतानेच जिंकला.

पण एक बोचणारी गोष्टही सांगायला हवी. पुरुषांची प्रो कबड्डी २०१४ पासून टीव्हीवर दिसते आणि घराघरांत तिचे चाहते आहेत. त्याच मंडळींनी २०१६ मध्ये महिलांची तीन संघांची स्पर्धा घेतली. अंतिम सामना २४-२३ असा, अगदी शेवटपर्यंत श्वास रोखायला लावणारा झाला. तरी पुढच्या वर्षी ती स्पर्धा काही झाली नाही. आपल्या गावाकडेही पुष्कळ ठिकाणी हेच दिसतं: पुरुषांचा अंतिम सामना रात्री झगझगीत उजेडात, आणि मुलींचा एखादा सामना भर उन्हात, खुर्च्या मांडून व्हायच्या आत! बघणारेच नसतील तर वेळ कोण देणार? आणि बघणारे कोण असायला हवेत? आपणच की!

त्या तिसऱ्या वर्षाच्या मुलीचं काय झालं, असं तुम्ही विचाराल. आईंनी वही केली. कोणती फेरी, पुढे किती सामने, हे त्यांना कळायला लागलं. मुलाकडच्यांना त्यांनी स्पष्ट सांगितलं, "विद्यापीठाची निवड होईपर्यंत तारीख धरू नका. दोन महिन्यांचा प्रश्न आहे." मुलाकडच्यांनी मानलं. मुलीची विद्यापीठाच्या संघात निवड मात्र झाली नाही. पण ती निवडीपर्यंत पोचली, आणि हरली ती मैदानात हरली. घरच्यांनी मधूनच ओढून नेली म्हणून नव्हे. आता सासरी राहून ती पुढचं शिकते आहे. पंचांची परीक्षा द्यायचा तिचा विचार आहे. प्रमाणपत्रांची पिशवी तिच्याबरोबर गेली. वही मात्र आईंनी स्वतःकडे ठेवून घेतली. धाकटी आता अकरावीत आहे ना!

तेव्हा या हंगामात एक करा. मुलीचा सामना कुठे आहे ते विचारा आणि दुपारची झोप एक दिवस बाजूला ठेवून जा. शेजारणीला घेऊन जा. पाण्याची बाटली, शेंगदाण्याचे लाडू आणि वही-पेन्सिल पिशवीत टाका. पहिल्या दिवशी निम्म्या गोष्टी समजणार नाहीत, पण शेजारी बसलेल्या पोराला विचारलं तर तो आनंदाने सांगेल. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी चहा गाळताना घरातल्या मंडळींनी "काल कोण जिंकलं?" असं तुम्हाला विचारलं, तर नुसतं नाव सांगू नका. गुण किती, लोण कोणी दिला, शेवटची पकड कोणाची, सगळं सांगा!